खतांमुळे होणारं पाण्याचं प्रदूषण: सरकारने नियम नेमका कशावर करावा?

तळ्यातमळ्यात (धागाकर्ता)

हा विषय निघाला की दोन ठरलेले सूर लागतात. एक म्हणतो रासायनिक खतांवर बंदी आणा. दुसरा म्हणतो शेतकऱ्याच्या मागे आणखी एक इन्स्पेक्टर लावू नका. दोघांनाही आधी एकच विचारायला हवं: नत्राबद्दल (नायट्रोजन) बोलताय की स्फुरदाबद्दल (फॉस्फरस)? कारण दोघांच्या पाण्यात जायच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि एकावर लागू पडणारा नियम दुसऱ्यावर फुकट जातो.

युरियात ४६ टक्के नत्र असतो. जमिनीत पडल्यावर आधी त्याचं अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियमवर धन प्रभार असल्यामुळे मातीचे कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेटवर ऋण प्रभार, मातीच्या कणांवरही ऋण. त्यामुळे पाणी मुळांच्या खाली उतरलं की नायट्रेट त्याच्यासोबत उतरतं आणि भूजलात जातं.

स्फुरदाचं उलट. तो कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम यांना चिकटून जागीच बसतो. जातो तो मुख्यतः मातीसोबत, म्हणजे उतारावरच्या गढूळ पाण्यातून. थोडा विरघळूनही जातो, आणि शेवाळाला हा विरघळलेलाच सगळ्यात आवडतो.

तळ्याचं बिघडवतो कोण, हे कॅनडातल्या प्रायोगिक तलावांनी दाखवलं. १९७३ साली तलाव क्रमांक २२६ मध्ये पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातला, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. दुसरा भाग हिरवागार झाला. शेजारच्या २२७ क्रमांकाच्या तलावात १९९० पासून नत्र घालणं बंद करून फक्त फॉस्फरस चालू ठेवला, तरी शेवाळ येतच राहिलं, कारण निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र स्वतः बांधून घेतं. समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात मात्र नत्र बहुधा जास्त निर्णायक ठरतो. मेक्सिकोच्या आखातातला प्राणवायू संपलेला पट्टा (लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली) २०१७ साली सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर झाला होता. तिथे मिसिसिपी नदीतून येणारं नायट्रेट हे मोठं कारण आहे.

तर प्रश्न असा: नियम करायचाच तर पोत्यावर करायचा, शेतावर करायचा की नदीवर?

गणितगणू

आधी आकडे बघू.

हंगामात २०० मिलिमीटर पाणी मुळांखाली गेलं असं धरा. एका हेक्टरवर ते २० लाख लिटर होतं. त्यासोबत ३० किलो नत्र गेला, तर लिटरला १५ मिलिग्रॅम.

इथे एक सापळा आहे, त्यात भलेभले पडतात. हे १५ मिलिग्रॅम 'नायट्रेटमधला नत्र' आहे. नायट्रेट म्हणून मोजायचं तर ४.४३ ने गुणा, म्हणजे ६६. अमेरिकेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा १० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची ५०. अमेरिका पाचपट कडक आहे असं वाटतं, पण पहिला आकडा नत्राचा आहे, दुसरा नायट्रेटचा. दोन्ही जवळजवळ एकच. भारतीय मानकातले ४५ हेही नायट्रेट म्हणूनच. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की आधी हे बघायचं.

आता स्फुरद. तेवढ्याच २०० मिलिमीटर पाण्यातून हेक्टरी फक्त १ किलो फॉस्फरस वाहून गेला, तर लिटरला ०.५ मिलिग्रॅम. तळ्यात लिटरला ०.०३ च्या आसपास गेलं तरी शेवाळ धरायला लागतं. म्हणजे सोळा-सतरा पट.

आणि १ किलो म्हणजे किती? डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताच्या ५० किलोच्या पोत्यावर ४६ टक्के लिहिलेलं असतं ते फॉस्फरसचं ऑक्साइड. खरा फॉस्फरस काढायला ०.४४ ने गुणायचं, म्हणजे पोत्यात साधारण १० किलो. तळं बिघडवायला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. शेतकऱ्याला तो गेलेला कळतही नाही, खिशालाही लागत नाही. 'खत वाचवणं शेतकऱ्याच्याच फायद्याचं आहे, तो आपोआप करेल' हा युक्तिवाद नत्राला थोडाफार लागू पडतो. स्फुरदाला अजिबात नाही.

शेणखतवाला

गणितगणूंना +१. पण धागा रासायनिक खतापुरता राहू नये. पाण्याला नायट्रेट कुठून आलं त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

बहुतेक पिकांना एका भाग फॉस्फरसमागे पाच-सहा भाग नत्र लागतो. कोंबडीखतात हे प्रमाण दोन-तीनास एक असतं. म्हणून पिकाची नत्राची गरज कोंबडीखतावर भागवली की फॉस्फरस दुप्पट पडतो. दोन-चार वर्षांनी जमीन स्फुरदाने तुडुंब. शिवाय सेंद्रिय खतातला नत्र जिवाणूंच्या सोयीने सुटतो, पिकाच्या सोयीने नाही. पीक निघालं, जमीन उघडी पडली, माती ओली आणि उबदार असली की नायट्रेट तयार होतच राहतं आणि घ्यायला मूळ नसतं.

युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशात हेक्टरी १७० किलोची जी प्रसिद्ध मर्यादा आहे, ती जनावरांच्या खतातल्या नत्रावर आहे, हे बरेच जण विसरतात.

बांधावरून

विरोधी बाजूने लिहितो.

जास्त खत टाकतात ते अडाणीपणाने नाही. नत्र आणि उत्पादनाचा आलेख वरच्या टोकाला जवळजवळ सपाट होतो. शेवटच्या ३० किलोने उत्पादन फारसं वाढत नाही, पण पावसाने आधीचा नत्र धुऊन नेला तर तेच ३० किलो हंगाम वाचवतात. खत स्वस्त आणि पीक महाग असेल तर हा सरळ विमा आहे. सरकारने मात्रा कमी करायला लावली, तर त्या विम्याचा हप्ता कोण भरणार?

दुसरं, शेतातून किती नायट्रेट झिरपलं हे मोजणार कसं? कारखान्याला नळी असते, तिच्या तोंडाशी बाटली धरता येते. शेताला नळी नाही.

पोटकलम

नळीचाच मुद्दा धरून पुढे. अमेरिकेचा १९७२ चा स्वच्छ पाणी कायदा नेमका नळीवर उभा आहे. ठरावीक जागेतून सोडलं जाणारं सांडपाणी असेल तर परवाना लागतो. शेतातून पावसाने वाहणारं पाणी आणि सिंचनाचं परतणारं पाणी यांना त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेलं आहे. परिणाम असा की सांडपाणी प्रकल्पांनी फॉस्फरस बराच उतरवला आणि शेताकडून येणारा वाटा ऐच्छिक योजना व अनुदानांवर राहिला. अमेरिकेतल्याच चेसापीक उपसागरासाठी २०१० मध्ये वर्षाची कमाल मर्यादा ठरली: नत्र १८.५९ कोटी पौंड, फॉस्फरस १.२५ कोटी पौंड. मुदत होती २०२५. दोन्ही लक्ष्यं हुकली, आणि मागे राहिलेल्या कामातला मोठा वाटा शेतीचा आहे.

नेदरलँड्सने १९९८ मध्ये दुसरी वाट धरली. शेताच्या फाटकातून आत आलेलं मोजायचं (खत, पशुखाद्य, जनावरं), बाहेर गेलेलं मोजायचं (धान्य, दूध, मांस, शेण). फरक म्हणजे शिल्लक. शिल्लक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली की किलोमागे आकार, म्हणजे शुल्क. तत्त्व उत्तम होतं. पण जनावरं जास्त आणि जमीन कमी असलेल्यांना आकार झेपेना, हिशेबातल्या चुकांवरून वाद झाले, आणि २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नायट्रेट निर्देशाला खत टाकण्यावर आधीच मर्यादा हवी आहे, शिल्लक राहिल्यावर दंड नव्हे. २००६ मध्ये ती पद्धत गुंडाळली.

डेन्मार्कने पीकवार नत्राची मर्यादा घातली आणि प्रत्येक शेताला दरवर्षी खताचा हिशेब द्यायला लावला. १९९८ पासून ही मर्यादा मुद्दाम आर्थिकदृष्ट्या योग्य मात्रेच्या १० टक्के खाली ठेवली, पुढे ती आणखी खाली गेली. बांधावरून, तुम्ही सांगितलेल्या सपाट आलेखाचाच हा उलटा उपयोग आहे. त्या टोकाला उत्पादन थोडं घटतं आणि झिरपणं बरंच घटतं. आच्छादन पिकं (मुख्य पीक निघाल्यावर उघडी जमीन झाकून उरलेला नत्र धरणारी) सक्तीची, शेण साठवायच्या टाक्या सक्तीच्या. या सगळ्याने नत्राचं झिरपणं १९८० च्या दशकाच्या तुलनेत साधारण निम्म्यावर आलं.

बांधावरून

आणि मग? धान्यातली प्रथिनं घटली, तक्रारी वाढल्या आणि २०१६ मध्ये तीच मर्यादा उठवली. तेही सांगा.

पोटकलम

सांगणारच होतो. बरोबर आहे. सरसकट टक्केवारीचं दुखणं हेच: भारी जमिनीच्या शेताला नाहक फटका आणि रेताड जमिनीच्या शेताला पुरेसा लगाम नाही. त्यानंतर त्यांनी पाणलोटनिहाय उपायांकडे मोर्चा वळवला.

निचरा_चर

कागदावर छान दिसणारे उपाय प्रत्यक्षात कुठे फसतात त्याबद्दल थोडं, कारण अनुदानं यांच्यावरच जातात.

नदीकाठचा गवताचा पट्टा: पाणी पातळ थरात पसरून आलं तर माती आणि तिच्यासोबतचा स्फुरद चांगला अडतो. पण पाणी ओघळ करून एका जागी येत असेल तर दहा मीटरचा पट्टा ते दोन मिनिटांत ओलांडतं. आणि शेतात जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या टाकलेल्या असतील तर नायट्रेट पट्ट्याच्या पोटाखालून थेट नाल्यात जातं. पट्टा आखायच्या आधी मोठ्या पावसात पाणी कुठून वाहतं ते चालत जाऊन पाहायचं. नकाशावर रेघ मारून काम होत नाही.

बिनानांगरट: मातीची धूप थांबते, मातीला चिकटलेला स्फुरद थांबतो. पण खत वरून फोकून दिलं तर ते वरच्या चार-पाच सेंटीमीटरमध्येच साचत जातं, कारण खाली मिसळायला नांगर नाही. मग गांडुळांच्या बिळांतून आणि भेगांतून विरघळलेला स्फुरद निचऱ्याच्या नळ्यांत उतरतो. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या एरी सरोवरात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विरघळलेला फॉस्फरस पुन्हा वाढला, त्याच्या कारणांमध्ये हे एक धरलं जातं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शेवाळाच्या विषामुळे टोलेडो शहराच्या चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. हे विष उकळून जात नाही. नायट्रेटही जात नाही, उलट पाणी आटून तीव्रता वाढते. बिनानांगरट ठेवायची असेल तर स्फुरद पेरणीबरोबर बियाण्याच्या बाजूला, खाली पेरूनच द्यायचा.

लाकडाच्या तुकड्यांची खंदक-गाळणी: निचऱ्याचं पाणी लाकडाच्या तुकड्यांनी भरलेल्या खंदकातून नेतात. आत प्राणवायू नसल्यामुळे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडतो. पाणी आत किती वेळ थांबतं यावर सगळं अवलंबून. फार घाईने गेलं तर नायट्रेट तसंच बाहेर येतं आणि अर्धवट प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड सुटू शकतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. फार वेळ थांबलं तर नायट्रेट संपून सल्फेटची पाळी येते आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास आला की पाणी बाहेर पडण्याच्या तोंडावरच्या फळ्या काढून पातळी उतरवायची. सुरुवातीचं काही दिवसांचं पाणी चहासारखं तपकिरी येतं, ते थेट ओढ्यात सोडायचं नाही. आणि ही गाळणी नायट्रेटची आहे. स्फुरदावर तिचा भरवसा धरू नये.

वाफसा

'मोजणार कसं' याचं माझं उत्तर: पाणी मोजू नका, शिल्लक मोजा. मक्याचं हेक्टरी ८ टन धान्य निघालं तर त्यासोबत साधारण १०० किलो नत्र शेताबाहेर जातो. दिला असेल १८०, तर शिल्लक ८०. ती सगळी झिरपत नाही. काही अमोनिया होऊन उडते, काही मातीच्या सेंद्रिय भागात जाते. पण सलग तीन-चार वर्षं ८० शिल्लक राहत असेल तर भूजल मोजायचीही गरज नाही.

मात्रा हंगामातच जुळवायची साधनं आहेत. मका गुडघ्याच्या खाली, साधारण ३० सेंटीमीटर उंच असताना, ३० सेंटीमीटर खोलीपर्यंतच्या मातीतला नायट्रेट-नत्र तपासायचा. किलोला २५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर वरखताची गरज सहसा नसते. चूक कुठे होते? नमुना पिशवीत बंद करून उन्हात गाडीत ठेवला की आत नायट्रेट तयार होत राहतं आणि आकडा फुगतो. लगेच पातळ पसरून सुकवा किंवा थंड ठेवा. दुसरी चूक म्हणजे आधी दिलेल्या खताच्या ओळीवरच नमुना घेणं.

भातासाठी पानांच्या रंगाची पट्टी. सगळ्यात वरचं पूर्ण उघडलेलं पान, दहा रोपांचं, आपल्या सावलीत धरून, दर वेळी साधारण त्याच वेळेला. निम्म्याहून जास्त पानं ठरलेल्या रंगापेक्षा फिकी असतील तरच हप्ता द्यायचा.

युरिया वर टाकून तसाच सोडला, माती ओलसर आणि सामू (पीएच) चढा असेल, तर पाव हिस्सा किंवा जास्तही अमोनिया होऊन उडू शकतो. मातीआड करा, नाहीतर एक-दोन दिवसांत १०-१२ मिलिमीटर पाणी द्या. ५० मिलिमीटर दिलं तर उडायचा थांबतो आणि झिरपायला लागतो!

खत फेकणी यंत्राचं माप तर बहुतेक जण वर्षानुवर्षं तपासत नाहीत. मिनिटाला लागणारे किलो = हेक्टरी किलो × ताशी वेग (किमी) × रुंदी (मीटर) ÷ ६००. म्हणजे २०० किलो, ताशी ८ किमी, १२ मीटर रुंदी असेल तर मिनिटाला ३२ किलो. मग रुंदीभर ताटल्या मांडून प्रत्येकीत किती पडलं ते तोलायचं. युरियाचे हलके दाणे डीएपीच्या जड दाण्यांपेक्षा जवळ पडतात, म्हणून दोन्ही मिसळून फेकले की पट्टे पडतात. एका पट्ट्यात दीडपट, शेजारी अर्धं. सरासरी कागदावर बरोबर, आणि झिरपणं त्या दीडपटीच्या पट्ट्यातून.

शेणखतवाला

सोपं वाटतं म्हणून कोणी बंदीकडे वळू नये. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवली. पर्यायी नत्र कुठून येणार याचा हिशेब नव्हता. भाताचं उत्पादन कोसळलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. हेक्टरी १०० किलो नत्र शेणखतातून द्यायचा तर अर्धा टक्का नत्राच्या हिशेबाने २० टन शेणखत लागतं, आणि त्यातलाही सगळा पहिल्या वर्षी मिळत नाही.

पोटकलम

किमतीचा मार्गही बघा. स्वीडनने १९८४ पासून २००९ पर्यंत खतातल्या नत्रावर कर ठेवला. परिणाम झाला, पण माफक, कारण खत थोडं महागलं तरी लोक फारसं कमी टाकत नाहीत. उलट्या दिशेची किंमत मात्र जोरात काम करते. भारताने २०१० मध्ये स्फुरद-पालाशाच्या (पालाश म्हणजे पोटॅश) खतांवरचं अनुदान पोषणद्रव्यांप्रमाणे केलं आणि युरिया त्याच्या बाहेर ठेवला. साहजिकच युरियाकडे कल झुकला. 'सरकारने नियमन करावं का' हा प्रश्न अशा ठिकाणी जरा विनोदीच वाटतो. सरकार आधीच तराजूवर बोट ठेवून बसलेलं असतं.

निचरा_चर

एक छोटा नियम राहिला, ज्यावर कोणाचं दुमत नसावं. ठिबकातून किंवा फवाऱ्यातून खत देताना पंप अचानक बंद पडला तर नळीतलं पाणी मागे ओढलं जातं आणि खताचं द्रावण थेट विहिरीत किंवा कूपनलिकेत. पंप आणि खताच्या जोडणीच्या मध्ये परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह, त्याच्या पंपाकडच्या बाजूला हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, आणि खताचा पंप मुख्य पंपाबरोबरच बंद होईल अशी वायरिंग. तीन वस्तू. इथे अनुदान-बिनुदान नाही, सरळ सक्ती हवी.

तळ्यातमळ्यात

सगळं वाचून माझं मत थोडं सरकलं आहे. नत्रासाठी शेताची वार्षिक शिल्लक नोंदवणं सक्तीचं असावं, पण आकार लावायचा तो तीन-चार वर्षांच्या सरासरीवर, म्हणजे एका वाईट पावसाळ्याची शिक्षा होणार नाही. स्फुरदासाठी शिल्लक पुरेशी नाही, कारण जुना साठा मातीत आहे. तिथे माती परीक्षणाची वरची मर्यादा हवी. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या ब्रॉडबाल्क शेतात मातीतला पिकाला मिळणारा स्फुरद ऑल्सेन पद्धतीच्या माती परीक्षणात किलोला ६० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर निचऱ्याच्या पाण्यात फॉस्फरस झपाट्याने वाढलेला दिसला. बहुतेक पिकांची गरज २०-२५ वर भागते. म्हणजे त्या रेषेच्या कितीतरी आधी स्फुरद बंद करायला हरकत नाही, मग तो पोत्यातला असो की शेणातला. मात्र ही रेषा जमिनीप्रमाणे बदलते, ब्रॉडबाल्कचा आकडा उचलून सगळीकडे चिकटवू नये.

बांधावरून

सरासरीवर आकार असेल तर माझा विरोध बराच मावळतो. पण संगणकाच्या मॉडेलने झिरपण्याचा अंदाज काढून दंड लावू नका. न्यूझीलंडने टाउपो सरोवराभोवती २०११ मध्ये शेतनिहाय नत्राचे वाटे ठरवले आणि त्यांची खरेदी-विक्रीही सुरू केली, ती असल्याच मॉडेलवर. २०२१ मध्ये सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी त्या मॉडेलवर नियमनासाठी भरवसा ठेवता येत नाही असं म्हटलं. पावतीवरचा किलो आणि काट्यावरचं धान्य, एवढ्यावर मी सही करेन.

गणितगणू

नदीवर मोजायचा आग्रह कोणाचा असेल तर वेळापत्रक नीट ठरवा. महिन्यातून एकदा बाटली भरली तर नायट्रेटचा अंदाज बरा येतो, कारण ते भूजलातून सावकाश येत राहतं. फॉस्फरसचा बहुतांश भार वर्षातल्या मोजक्या मोठ्या पावसांत जातो. पहिल्या तारखेला ऊन असेल तर अहवाल स्वच्छ येणार. त्याला प्रवाहाप्रमाणे नमुना घेणारं स्वयंचलित यंत्रच लागतं, पाणी चढायला लागल्यापासून उतरेपर्यंत. आणि भूजल हळू चालत असेल तर आज थांबवलेलं नायट्रेट विहिरीत कमी दिसायला दहा-वीस वर्षंही लागतात, तेव्हा दुसऱ्याच वर्षी 'नियम फसला' म्हणून धागा काढू नका.